अर्ध्या कथेचा पुरा जमाखर्च

संवत १६९८ च्या मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, सोमवारी, आग्रा नगरीत एका श्रीमाळ जैन व्यापाऱ्याने आपल्या आयुष्याची कथा लिहून पुरी केली. इसवी सनाचे ते १६४१ वे वर्ष. लिहिणाऱ्याचे वय ५५. घरात दोनच माणसे उरली होती, तो आणि त्याची तिसरी पत्नी. नऊ अपत्ये झाली होती, सात मुलगे आणि दोन मुली. नऊही काळाने नेली होती. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरले तर त्यातील निम्मे सरले, असा हिशेब मांडून त्याने ग्रंथाला नाव दिले ‘अर्धकथानक’. कविवर बनारसीदासांचा हा पावणेसातशे पद्यांचा ग्रंथ भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्राचा मान मिळवून आहे.

पंचावन्न हे वय आज म्हातारपणाचे म्हणता येणार नाही. परंतु तीन विवाह, नऊ मुलांचे मरण, प्लेगची साथ, तीन बादशहांच्या राजवटी आणि व्यापारातील कितीतरी चढउतार पाहिलेला माणूस त्या काळी वृद्धच म्हणायचा. या ग्रंथातील निवेदनही वृद्धाचेच आहे. त्यात घाई नाही, कोणाविषयी कडवटपणा नाही, आणि विशेष म्हणजे स्वतःची बाजू सावरण्याची धडपड नाही. वहीत फक्त जमेची बाजू लिहिणारे पुष्कळ असतात. बनारसीदासांनी नावेची बाजू अधिक ठळक अक्षरांत लिहिली.

गंमत अशी की, नऊ गोष्टी माणसाने कोणाला सांगू नयेत असे त्यांनीच याच ग्रंथात म्हटले आहे: आयुष्य, धन, घरातील गोष्टी, दान, मान, अपमान, औषध, कामजीवन आणि मंत्र. धन किती मिळवले हे सांगायची वेळ आली तेव्हा त्यांना हा नियम आठवला आणि व्यापाऱ्याला शोभेल असे त्यांनी तोंड मिटले. उरलेल्या आठांपैकी बहुतेक सारे मात्र त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले आहे.

बनारसीदासांचा जन्म संवत १६४३ च्या माघ शुद्ध एकादशीचा, जौनपूरचा. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. पुत्र व्हावा म्हणून ते रोहतकच्या सतीच्या यात्रेला निघाले आणि वाटेत चोरांनी त्यांना लुटले. पुत्र मागायला गेले आणि जवळचेही गमावून बसले, तरी लोकांचे डोळे उघडत नाहीत, असा शेरा मुलाने पुढे या प्रसंगावर मारला आहे. मुलाचे पहिले नाव विक्रमाजीत. तो सहा-सात महिन्यांचा असताना कुटुंब काशीला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले. तेथील पुजाऱ्याने ध्यान लावल्याचा आव आणून सांगितले की, यक्षाची आज्ञा झाली आहे, प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव बाळाला द्यावे. वडिलांनी आनंदाने नाव बदलले. पुजाऱ्याचे ढोंग बनारसीदासांनी लपवले नाही. नाव मात्र जन्मभर आनंदाने मिरवले.

खैराबादच्या घराण्यात नवव्या वर्षी वाङ्‌निश्चय आणि अकराव्या वर्षी विवाह झाला. नवरी घरी आली त्याच दिवशी घरातील वृद्ध नानी वारली आणि त्याच दिवशी बनारसीला बहीण झाली. एका छपराखाली, एका दिवसात एक मरण, एक जन्म आणि एक गृहप्रवेश. पुढचे सारे आयुष्य याच घडणीचे निघाले.

लवकरच जौनपूरवर नवाब किलीच खानाचा जाच आला. त्याला हवी ती वस्तू मिळाली नाही म्हणून त्याने सगळ्या जव्हेऱ्यांना कोंडले, फटके मारले. सुटका होताच जव्हेरी कुटुंबे घेऊन दाही दिशांना पांगले. खरगसेन भर पावसात बायकामुलांसह शहजादपूरला पोहोचले. तेथे करमचंद नावाच्या माहूर बनियाने त्यांना आपले राहते घर दिले. घरात धान्य भरलेले, भांडीकुंडी मांडलेली, बाजा अंथरलेल्या. आणि तो स्वतः दुसरीकडे जाऊन राहिला. ना जातीचा, ना नात्याचा. एका गावी नवाबाने बाहेर काढले, दुसऱ्या गावी बनियाने आत घेतले, या दोन घटना बनारसीदासांनी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. याच आश्रयाच्या काळात बालक बनारसीने कवड्यांचा बारीकसा व्यापार करून पहिला नफा मिळवला. आजीने ती कमाई घेऊन देवाच्या नावाने शिरणी वाटली.

तारुण्यात मात्र मुलगा हाताबाहेर गेला. जौनपूरला खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्याजवळ त्याचा अभ्यास चालला होता, स्तोत्रे पाठ होत होती, आणि त्याच वेळी वडिलांच्या पेटीतली माणके चोरून प्रेमपात्रांकडे मिठाई पाठवली जात होती. अशात तो सासरी गेला आणि तेथे त्याला किळसवाणा रोग जडला. सारे अंग फुटले, केस गळले, दुर्गंधीमुळे कोणी जवळ येईना. शुश्रूषेला उरल्या दोघी, पत्नी आणि सासूबाई. त्यांनी त्याला हाताने भरवले, अंगाला औषध लावले. उपचार केला तो गावच्या एका न्हाव्याने. बरा झालेला जावई तरीही लगेच सुधारला नाही, हेही त्याने नोंदवले आहे.

श्रद्धेचा मार्गही असाच वेडावाकडा होता. एका संन्याशाने मंत्र दिला: वर्षभर गुप्तपणे, शौचकूपात बसून जप कर, मग रोज दारात एक सोन्याचा दीनार पडलेला दिसेल. व्यापाऱ्याच्या मुलाने वर्षभर निष्ठेने जप केला. मुदत संपल्यावर पहाटे उठून अंगण धुंडाळले. काही नव्हते. एक दिवस चुकून कमी भरला असेल या आशेने त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. मग एका जोग्याने शंख दिला, सदाशिव म्हणून पूजायला. तीही पूजा गुपचूप चालली. संवत १६६२ मध्ये अकबराच्या मृत्यूची वार्ता जौनपूरला आली तेव्हा बनारसी जिन्याच्या पायरीवर बसला होता. धक्क्याने भोवळ येऊन तो खाली कोसळला, कपाळ फुटले. शहरात दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने पुरले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे चढवली. पुढे जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आग्र्याहून आले आणि भीती ओसरली. जखम भरल्यावर तरुणाच्या मनात साधा प्रश्न आला: मी पडलो तेव्हा शंखातल्या देवाने काय केले? पूजा बंद झाली. मग एके दिवशी मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसून आपल्याच हजार शृंगारिक पद्यांची पोथी वाचताना त्याला वाटले, ही सारी खोटी रचना. त्याने पोथी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, वडील मात्र संतोषले.

संवत १६६७ मध्ये खरगसेनांनी मुलाला जवळ बसवून संसाराचा भार त्याच्यावर सोपवला. जवाहीर, २० मण तूप, तेल आणि जौनपुरी कापड असा माल देऊन त्याला आग्र्याला पाठवले. भांडवल काही घरचे, काही उसने. वाटेत इटाव्याजवळ पाऊस, सराईत जागा नाही, लोकांनी दारे लावून घेतलेली. शेवटी एका राखणदाराच्या झोपडीत आश्रय मिळाला आणि तिथेही दुसऱ्याच्या बाजेखाली तरटावर निजावे लागले. आग्र्यात तर दैवाने पाठच धरली. इजारीच्या नाड्यात बांधलेले माणिक उंदराने कुरतडून नेले. काही जवाहीर कुठे गळून पडले ते कळलेच नाही. जडावाचे दागिने ज्याला विकले त्याचे दिवाळे निघाले. घरातले एकेक किडूकमिडूक विकत दिवस ढकलले. बाजारात जायला तोंड उरले नाही. संध्याकाळी घरी बसून ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा तो मोठ्याने वाचत असे. दहावीस जण ऐकायला जमत.

ऐकणाऱ्यांत एक कचोरीवाला होता. बनारसी रोज त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेई. एक दिवस त्याने एकांतात कचोरीवाल्याला सांगून टाकले की, पैसे नाहीत, तू उधार देत जाऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, २० रुपयांपर्यंत खा, कोणी काही विचारणार नाही, वाटेल तिथे जा. सहा-सात महिने असे गेले. अखेर हिशेब झाला तेव्हा देणे १४ रुपयांचे निघाले आणि ते चुकते झाले. सगळ्या ग्रंथात इतक्या बारकाईने नोंदलेले ऋण क्वचितच सापडेल. कचोरीवाल्याचे नाव मात्र बनारसीदास देत नाहीत. चौदा रुपयांचा आकडा तीसपस्तीस वर्षे लक्षात राहिला आणि नाव राहिले नाही, हे थोडे खटकते.

पुढे धरमदास या जव्हेऱ्याच्या मुलाशी भागीदारी झाली. दोन वर्षे उलाढाल केली आणि शेवटी जमा-नावे मांडली तर जेवढे मिळवले तेवढेच खर्चले होते. शिल्लक शून्य. तो आग्र्याहून निघाला आणि वाटेत खैराबादला सासरी थांबला.

त्या रात्रीचा प्रसंग अर्धकथानकाचा गाभा म्हणावा असा आहे. पत्नीने आग्र्याचे वर्तमान विचारले. नवऱ्याने आधी सारवासारव केली. तिने खरे विचारले तेव्हा त्याने सांगितले की, मिळवले ते पोट भरण्यातच गेले, हाती काही नाही. तिने साठवून ठेवलेले २० रुपये आणून त्याच्यापुढे ठेवले. माणूस जिवंत आहे तर सारे काही होईल, अशा अर्थाचे ती बोलली. दुसऱ्या दिवशी ती आईजवळ एकांतात रडली आणि हे कोणाला कळू देऊ नकोस, नाहीतर लाजेने ते निघून जातील, अशी विनवणी केली. आई म्हणाली, जीव थोडा करू नकोस. माझ्याजवळ २०० रुपये आहेत, ते तुला गुपचूप देते, त्यांनी पुन्हा आग्र्याला जावे. ही तीच सासूबाई, जिने कधीकाळी जावयाच्या सडक्या अंगाला औषध लावले होते. व्यापारी घराण्यातील स्त्रियांजवळचे असे गाठीचे पैसे कोणत्याही वहीत चढत नाहीत. बनारसीदासांनी ते चढवले, तेही दोनदा: आधी २०, मग २००. त्या पैशांतून कापड आणि मोती घेऊन तो पुन्हा उभा राहिला. त्याच काळात, संवत १६७० मध्ये, ‘नाममाला’ हा कोशही रचून झाला.

पण त्या पत्नीचा सहवास फार काळ लाभला नाही. तो परगावी व्यापारात असताना खैराबादहून न्हावी पत्र घेऊन आला. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पत्नी आणि बाळ दोघेही गेले होते. त्याच पत्रात पुढे लिहिले होते की, तिच्या बहिणीची सोयरीक पक्की समजावी, सोबत नारळ पाठवला आहे. लोहाराची सांडशी क्षणात आगीत आणि क्षणात पाण्यात जाते, तसे ते हर्ष आणि शोक एकाच वेळी आल्याचे बनारसीदास सांगतात. आजच्या वाचकाला ही घाई निष्ठुर वाटेल. परंतु त्या सोयरिकीमागे मुलीबरोबर जावईही गमावू नये, ही खैराबादच्या घराची धडपड दिसते. मेलेल्या बहिणीच्या घरात दुसरी बहीण आली. तिचीही मुले जगली नाहीत, आणि तीही गेली. तिसरी पत्नीही खैराबादचीच, पण दुसऱ्या घराण्यातली. अशा रीतीने तीन स्त्रिया एकामागून एक या संसारात आल्या, आणि प्रत्येकीने आधीच्या दुःखाचा वारसा घेऊनच उंबरठा ओलांडला.

रक्ताचे नाते असे हातातून निसटत गेले, तेव्हा घर भरून ठेवले ते मित्रांनी. भागीदार नरोत्तमदास तर सख्ख्या भावाहून जवळचा. त्याच्या गुणांवर बनारसीदासांनी पद्य रचले आणि भाटाप्रमाणे ते गात राहिले. एका प्रवासात ही मंडळी वाट चुकून चोरांच्या गावात शिरली. बनारसीदासांनी प्रसंगावधान राखून संस्कृत श्लोक म्हणत गावच्या चौधरीला आशीर्वाद दिला. रात्रभर जागून सुताची जानवी वळली, मातीचे टिळे लावले, आणि सकाळी ‘ब्राह्मणांना’ चौधरी स्वतः वाटेला लावून गेला. नरोत्तमदासही अकाली गेला. त्याच्या भागीदारीचा साहू सबलसिंहाकडील हिशेब मिटवायला बनारसीदासांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. साहूजी गाण्याबजावण्यात दंग. आज-उद्या करीत दिवस जात. शेवटी साहूजींच्या नात्यातले एक स्नेही मध्ये पडले आणि एका बैठकीत फारखत झाली. वसुलीसाठी दुसऱ्याच्या ओटीवर तिष्ठत बसलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे प्रकरण स्वतःचे वाटेल. संवत १६७३ मध्ये वडील गेले. त्याच सुमारास आग्र्यात गाठीच्या तापाची साथ आली, उंदीर पटापट मेले, वैद्यही मेले, आणि लोक शहर सोडून पळाले.

संवत १६८० मध्ये अर्थमल ढोर नावाच्या स्नेह्याने त्यांच्या हाती आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ ग्रंथावरील राजमल्लजींची बालबोध टीका ठेवली. जन्माने श्वेतांबर खरतरगच्छीय असलेला हा श्रावक दिगंबर आचार्यांच्या अध्यात्मग्रंथात बुडाला. आत्मा शुद्ध आहे, बाह्य क्रियेने त्याचे काही बनत-बिघडत नाही, एवढेच त्याने उचलले. सामायिक, प्रतिक्रमण, पूजा सारे सुटले. मित्रांच्या टोळक्यासह बंद खोलीत वस्त्रे उतरवून ‘आम्ही मुनी झालो’ असा खेळ चाले. देवापुढचा नैवेद्यही खाल्ला जाई. लोक निंदा करीत. आपल्या त्या अवस्थेला बनारसीदासांनी दिलेली उपमा उंटाशी संबंधित आहे आणि घरात मोठ्याने वाचण्याजोगी नाही. धड जमिनीवर नाही, धड आकाशात नाही, एवढाच तिचा आशय.

बारा वर्षे हा गोंधळ चालला. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद पांडे आग्र्याला आले. त्यांनी ‘गोम्मटसार’ वाचून गुणस्थानांचा क्रम उलगडला: जीव ज्या पायरीवर उभा आहे त्या पायरीची क्रिया त्याला शोभते, निश्चयाचे बोलणे करून व्यवहार टाकून देता येत नाही. बनारसीदासांची दृष्टी स्थिर झाली. पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ पूर्ण केले. दिगंबर समाजात आजही त्याचा स्वाध्याय होतो.

आणि त्यानंतर संवत १६९६ मध्ये शेवटचा मुलगा वारला.

इथे वाचक थबकतो. शरीर वेगळे, आत्मा वेगळा, हे ज्याने शेकडो पद्यांत समजावून सांगितले, गुणस्थानांचा क्रम ज्याला कळला होता, त्याने या वेळी शांत राहावे अशी अपेक्षा. बनारसीदास सांगतात की ते शांत राहिले नाहीत. मोह फार बलवान आहे, तो जाणत्याला आणि अजाणाला सारखेच करून सोडतो. दोन वर्षे गेली तरी तो शमला नाही. ही कबुली त्यांनी झाकली असती तर कोणाला कळले नसते. पानझडीनंतर झाडाचे खोड उरावे तसे पतीपत्नी दोघे उरलो, असे ते लिहितात. त्याला जोडूनच परिग्रहाचे तत्त्वही मांडतात: ज्याचा परिग्रह जितका घटतो तितकी त्याला शांती मिळते, पण संसारी माणसाला परिग्रह हेच वैभव वाटते आणि त्याचे जाणे हा उत्पात वाटतो. तत्त्व त्यांना ठाऊक होते आणि उत्पातही त्यांनी भोगला. दोन्ही नोंदी एकाच वहीत आहेत. पहिलीने दुसरी खोडलेली नाही. अर्धकथानक लिहून झाले ते या दोन वर्षांच्या शोकानंतर, हे ध्यानात घेतले म्हणजे ग्रंथाच्या हसऱ्या सुराचे मोल कळते.

अखेरीस त्यांनी स्वतःचे गुणदोष मांडले आहेत. गुण आधी: भाषाकवितेत आणि अध्यात्मात हातखंडा, क्षमाशील, संतोषी, वाचन उत्तम, अनेक देशभाषा येतात. मग दोष: लक्ष्मीचा मोह सुटत नाही, घर सोडवत नाही, जप-तप-संयमाची ओढ नाही, थोड्या लाभाने फार हर्ष आणि थोड्या हानीने फार चिंता, खोटे बोलण्याची हौस, अभद्र बोलायला लाज नाही, अकस्मात भय वाटते, आणि एकांत मिळाला की हा गृहस्थ नाचू लागतो. पर्युषणात आलोचना करणाऱ्या श्रावकाला या यादीची रीत ओळखीची वाटेल, नाच सोडून. माणसांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे तीन प्रकार सांगून त्यांनी स्वतःला मध्यमांत बसवले आहे.

एकशे दहा वर्षांचा अंदाज चुकला. अर्धकथानक लिहून झाल्यावर अवघ्या काही वर्षांत बनारसीदास निवर्तले. कथेचा उत्तरार्ध लिहायचा राहून गेला. वारसदार पुत्र नव्हता. त्यांची विखुरलेली पदे आणि लहान रचना संवत १७०१ मध्ये आग्र्याच्या जगजीवन यांनी गोळा केल्या आणि ‘बनारसीविलास’ या नावाने एकत्र बांधल्या. पोथ्यांत पडून असलेले अर्धकथानक १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादून मुंबईहून छापले. १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांचा इंग्रजी अनुवाद जयपूरहून निघाला. खैराबादच्या सासूबाईंचे ते २०० रुपये दोन्ही पुस्तकांत जसेच्या तसे नोंदलेले आहेत.